नटाचा चेहरा, आवाज आणि चाल शाबूत ठेवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील नाट्यगृहांचे व्यवस्थापक,
दोन्ही महापालिकांचे सांस्कृतिक विभाग,
आणि जुन्या कलाकारांचे स्मृतिदिन साजरे करणारी सर्व मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ व गृहसंकुलं यांस,

स.न.वि.वि.

डिसेंबरमध्ये पाच दिवसांत तीन स्मृतिदिन येतात. १३ तारखेला स्मिता पाटील (१९८६), १६ला लक्ष्मीकांत बेर्डे (२००४) आणि १७ला डॉ. श्रीराम लागू (२०१९). त्या आठवड्यात वाशीपासून घोडबंदर रोडपर्यंत कुठे ना कुठे फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि मग पडद्यावर काही तुकडे दाखवले जातात. हे पत्र त्या तुकड्यांबद्दल आहे. भाषणं विसरली जातात, पण पडद्यावर पाहिलेलं डोक्यात राहतं. ज्यांनी त्या नटाला कधी पाहिलंच नाही, त्या पंधरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी तर तो नट म्हणजे तेवढंच.

नटाजवळ चेहरा, आवाज आणि चाल एवढंच भांडवल असतं. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत नेमक्या याच तीन गोष्टी बिघडलेल्या असतात. यात कुणाची वाईट इच्छा नसते. यंत्राच्या चार-पाच सेटिंग्ज चुकलेल्या असतात, आणि त्या दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

आधी चेहरा. जुन्या मराठी चित्रपटांची चौकट बहुतांशी ४:३च्या (रुंदी चार भाग, उंची तीन) आसपासची आहे, दूरदर्शनचे जुने कार्यक्रम तर ४:३च आहेत. आजचे प्रोजेक्टर आणि पडदे १६:९चे. पडद्याची उंची नऊ फूट असेल तर ४:३चं चित्र बारा फूट रुंद दिसायला हवं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट काळी पट्टी राहायला हवी. ती पट्टी कुणाला तरी खटकते आणि चित्र ताणून सोळा फूट केलं जातं. चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. सुलोचनादीदींच्या कपाळावरचं गोल कुंकू आडवं लंबगोल दिसायला लागतं, सडपातळ नट जाडजूड दिसतो आणि सभागृहातल्या कुणालाही नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. ताणलंय की नाही हे ओळखायला चित्रातली एखादी गोल वस्तू शोधा: कुंकू, वाटी, भिंतीवरचं घड्याळ, बैलगाडीचं चाक (कॅमेऱ्यासमोर सरळ असलेलं). चित्र तिथे थांबवा, पडद्याजवळ जाऊन टेपने उभं-आडवं माप घ्या. दोन मापं सारखी आली नाहीत तर प्रोजेक्टरच्या मेनूत 'आस्पेक्ट' शोधून ४:३ किंवा 'ओरिजिनल' करा. लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्येही हीच सेटिंग असते आणि दोन्हीकडे ती वेगवेगळी चुकलेली असू शकते, म्हणून दोन्ही तपासा. नंतरच्या काळातले काही चित्रपट रुंद पडद्यासाठी काढलेले आहेत. त्यांना ४:३मध्ये कोंबलं की माणसं उंच आणि चिपाड दिसतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा, एकच सेटिंग सगळ्यांना लावायची नाही.

काही जण ताणत नाहीत, तर 'झूम' करतात. तेव्हा चालीचं नुकसान होतं. ४:३चं चित्र १६:९ पडदा भरेपर्यंत मोठं केलं की उंचीचा पाव भाग वरून-खालून कापला जातो. जयश्री गडकर यांची लावणी लागलेली आहे, घुंगरांचा आवाज येतोय आणि पावलं चौकटीच्या खाली गेली आहेत. त्या चौकटीत छायालेखकाने पायांसाठी मुद्दाम जागा ठेवली होती. जवळच्या दृश्यांत कपाळ कापलं जातं, आणि केवळ भुवईच्या हालचालीवर प्रसंग पेलणारे नट आपल्याकडे थोडे झाले नाहीत.

चाल बिघडवणारी दुसरी गोष्ट प्रोजेक्टर आणि टीव्हीच्या मेनूत दडलेली असते. कंपनीनुसार तिचं नाव बदलतं, पण त्यात 'मोशन' किंवा 'स्मूथ' असा शब्द बहुधा असतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित झालेला असतो. हे यंत्र दोन चौकटींच्या मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने तयार करून घालतं. मग १९३६च्या 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस कालच्या मालिकेत चालल्यासारखे घसरत चालतात. ही सेटिंग पूर्ण बंद करा. चित्राचा प्रकार 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वरून काढून 'सिनेमा'वर ठेवा, आणि शार्पनेस बराच खाली आणा. तो वाढवला की कृष्णधवल चित्रातल्या चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते.

दूरदर्शनच्या जुन्या चित्रणाचा दोष वेगळा. तिथे सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषांनी, साठवलेली असते. हे दोन भाग नीट जुळवले नाहीत तर कुणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं 'डी' हे बटण दाबलं तरी पुरतं.

आता आवाज. हा दोष सर्वांत कमी ओळखला जातो आणि आमच्या मते सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे फिरणाऱ्या पुष्कळ प्रती जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून किंवा डीव्हीडीवरून आलेल्या आहेत. तिथे २४ चौकटींचा चित्रपट पुष्कळदा २५च्या गतीने पळवलेला असतो. गती चार टक्क्यांनी वाढते, दोन तासांचा चित्रपट साधारण एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या सुरापेक्षा थोडी कमी, पण कानाला कळेल इतकी, वर चढते. निळू फुले यांचा घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज पातळ होतो. लागूंचे ठहराव आखूड होतात. नटाने जिथे श्वास घेतला, तिथे त्याला धाप लागल्यासारखं वाटतं.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला २७.३६ मीटर धावते. लांबीला २७.३६ने भागा, मूळ मिनिटं मिळतील. ३२८३ मीटर म्हणजे १२० मिनिटं. फार जुन्या प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असेल तर ९०ने भागा. तुमची फाइल मूळ वेळेपेक्षा बरोबर चार टक्क्यांनी कमी भरली तर गती चुकली आहे. त्याहून बरीच कमी भरली तर मधली दृश्यं कापलेली आहेत, ती प्रत वापरू नका. गती चुकली असेल तर प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र व्हीएलसीत 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ' ही खूण आधी काढून टाका, नाहीतर वेग कमी होईल पण पट्टी चढलेलीच राहील. मूळ व्हिडिओवर किंवा टीव्हीसाठीच २५ चौकटींनी चित्रित झालेल्या मालिकांना हा उपाय लावायचा नाही, त्यांची गती बरोबरच असते.

जुना ध्वनी एकाच वाहिनीचा आहे. त्याला 'सराउंड' किंवा 'हॉल' असा कोणताही परिणाम देऊ नका, सभागृहाला स्वतःचा घुमारा असतोच. मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा म्हणजे वीजपुरवठ्याची घूं कमी होईल. आठ हजार हर्ट्झच्या वरचंही उतरवा, तिथे त्या काळच्या ध्वनिपट्टीत बोलणं जवळजवळ नसतं, खरखर असते. संवाद एक ते चार हजारांच्या पट्ट्यात कळतात, तो भाग सांभाळा. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर जोरात चालवू नका. त्यात 'स', 'श', 'च' ही अक्षरं झिजतात आणि नट तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा ऐकू येतो. थोडी खरखर राहिलेली चालते. वेगवेगळ्या प्रतींतल्या तुकड्यांची आवाजाची पातळी आधीच एकसारखी करून घ्या. चाचणी घेताना एकाने मिक्सरपाशी, एकाने शेवटच्या रांगेत आणि बाल्कनी असेल तर एकाने तिथे बसावं. आणि तुकडा चालू असताना निवेदकाचा माइक बंद असावा.

प्रकाशाचं थोडक्यात: वीस फुटी पडद्याला ५००० ल्युमेन्सच्या खालचा प्रोजेक्टर घेऊ नका, आणि तुकडा चालू असताना रंगमंचावरचे, बॅनरवरचे दिवे बंद ठेवा. कृष्णधवल चित्रातला काळा रंग म्हणजे न उजळलेला पडदाच असतो. त्यावर समईवरचा स्पॉट पडला की सगळी रात्रीची दृश्यं राखाडी होतात.

फोटोबद्दल आम्हाला जरा कडक बोलायचं आहे. अलीकडे बॅनरवर यंत्राने 'सुधारलेले' आणि रंगवलेले चेहरे दिसायला लागले आहेत. असं सॉफ्टवेअर अस्पष्ट फोटोतला तपशील शोधत नाही, अंदाजाने नवा चेहरा भरतं. ललिता पवार यांचं उदाहरण घ्या. १९४२मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्या डोळ्यासह त्या पुढची कित्येक दशकं पडद्यावर उभ्या राहिल्या, त्यांच्या खाष्ट सासवांची धार त्या डोळ्यात आहे. सॉफ्टवेअर दोन्ही डोळे सारखे करून टाकतं. तो फोटो ललिता पवार यांचा राहत नाही. फोटो लहान असेल तर बॅनर लहान करा. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे चार बाय सहा इंचांचा मूळ फोटो १२०० डीपीआयने (इंचाला १२०० बिंदू) स्कॅन केला तर ४८०० बाय ७२०० पिक्सेल मिळतात आणि दोन बाय तीन फुटांची छपाई २०० डीपीआयने स्वच्छ निघते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोचा सहा फुटी फ्लेक्स करू नका. काचेच्या फ्रेममधला फोटो मोबाइलने टिपू नका, काचेत ट्यूबलाइट येतेच.

नावांची गल्लत हा वेगळा विषय आहे आणि तो लांबू शकतो, कारण आपल्याकडे एका नावाची बरीच माणसं झाली. सुलोचना तीन: मूकपटांच्या काळातल्या रुबी मायर्स, ज्यांचं पडद्यावरचं नाव सुलोचना, आपल्या सुलोचना लाटकर, आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, ज्या गायिका. जयश्री दोन: 'शकुंतला'तल्या (१९४३) व्ही. शांताराम यांच्या पत्नी जयश्री, आणि जयश्री गडकर. 'पोस्टातली मुलगी'तल्या उषा किरण वेगळ्या आणि 'सोंगाड्या'तल्या उषा चव्हाण वेगळ्या. चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे हे सख्खे भाऊ, दोघांनीही पडद्यावर छत्रपती शिवाजी महाराज साकारले, त्यामुळे फोटो अदलाबदल होण्याची शक्यता फार. नुसतं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं की पहिला फोटो कुणाचाही येतो. फोटो ज्या चित्रपटातला आहे त्याची श्रेयनामावली स्वतः पाहा आणि त्याच चित्रपटातला चेहरा त्याच्याशी ताडा. जन्मवर्षांबाबत जुन्या कलाकारांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत असं वारंवार दिसतं. दोन स्वतंत्र छापील आधार मिळाले नाहीत तर जन्मवर्ष टाकू नका. निधनाची तारीख त्या काळच्या वर्तमानपत्रात सापडते. १८९३ पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे, जुन्या नियतकालिकांची चौकशी तिथून सुरू करता येईल.

आता काय दाखवावं याबद्दल. तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांची माळ करून खाली बासरी वाजवू नका. नट कळतो तो समोरचा बोलत असताना तो काय करतो यावरून. म्हणून एका कलाकाराची दोनच दृश्यं दाखवा, पण पूर्ण, प्रत्येकी चार ते सात मिनिटांची. दोन्ही वेगळ्या जातीची हवीत. 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) यांतलं स्मिता पाटील यांचं एकेक सलग दृश्य पाहिलं तर भाषणाची गरज उरत नाही. दृश्याआधी आठ सेकंदांची साधी पाटी: चित्रपट, वर्ष, दिग्दर्शक, भूमिकेचं नाव आणि दृश्यात दिसणाऱ्या इतर सगळ्या कलाकारांची नावं. हा शेवटचा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. 'सिंहासन'चं (१९७९) दृश्य दाखवताना अरुण सरनाईक, लागू, निळू फुले यांची नावं सगळे लिहितात. पण दाराशी उभा असलेला, दोन वाक्यं बोलून जाणारा जो नट आहे, त्याचा स्मृतिदिन कुणी करणार नाही. त्याचं नाव त्या पाटीवर आलं तर आलं.

टीव्हीच्या कलाकारांना स्मृतिदिनांत जागाच नसते, तीही द्यावी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं घराघरातलं एकमेव केंद्र होतं. स्मिता पाटील यांचा चेहरा लोकांना आधी दूरदर्शनच्या बातम्यांतून ओळखीचा झाला. जयश्री गडकर यांना एका अख्ख्या पिढीने १९८७च्या 'रामायण'मधली कौसल्या म्हणून पाहिलं, आणि त्यात दशरथ झालेले बाळ धुरी हे त्यांचे पती. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'तल्या तारामती दुर्गा खोटे यांनी पुढे 'वागले की दुनिया'ची निर्मिती केली. बोलपटाच्या पहिल्या वर्षांपासून मालिकेपर्यंत एवढी लांब वाट चाललेली दुसरी व्यक्ती सहज आठवत नाही. त्यांचा स्मृतिदिन २२ सप्टेंबर. ४ जूनला सुलभा देशपांडे (२०१६) आणि सुलोचना लाटकर (२०२३) या दोघींचा एकाच दिवशी येतो. आणि २ मार्च (१९८६) डॉ. काशिनाथ घाणेकर यांचा. त्यांच्या नावाचं नाट्यगृह ज्या शहरात आहे, तिथे त्या दिवशी त्यांचं एखादं पूर्ण दृश्य नीट दिसावं एवढी अपेक्षा जास्त नाही. त्यांची रंगभूमीवरची कामं दाखवता येणार नाहीत, पण 'पाठलाग' (१९६४) आणि 'मधुचंद्र' (१९६७) आहेत.

परवानगीचं टाळू नका. घरच्या वापरासाठी घेतलेलं ओटीटीचं सदस्यत्व सार्वजनिक प्रदर्शनासाठी चालत नाही, आणि यूट्यूबवर कुणी चित्रपट टाकला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९८२च्या चित्रपटाचा तो २०४२ संपेपर्यंत आहे. 'संत तुकाराम'ची मुदत केव्हाच संपली, तरी चांगली प्रत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडूनच ती मिळणार, आणि गाण्यांचा, मूळ साहित्याचा हक्क वेगळा तपासावा लागतो. हक्कधारकाला पत्र लिहिताना दृश्याची सुरुवात-शेवटाची वेळ, कार्यक्रमाची तारीख, सभागृहाची आसनसंख्या आणि प्रवेश मोफत आहे की तिकीट आहे, एवढं स्पष्ट लिहा. किमान दोन महिने आधी लिहा. चांगली प्रत हवी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडेही त्याच सुमारास विचारणा करा. म्हणजे डिसेंबरच्या कार्यक्रमाचं काम सप्टेंबरमध्ये सुरू व्हायला हवं.

याहून तातडीचं काम मात्र घरोघरच्या माळ्यांवर पडलं आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या, कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे घेतले जात. त्यामुळे १९८०च्या दशकात कुणी घरी व्हीएचएस कॅसेटवर उतरवून ठेवलेलं नाटक किंवा मुलाखत ही आज त्या कलाकाराची एकमेव प्रत असू शकते. निवृत्त तंत्रज्ञ आणि नाट्यकर्मी आपल्या दोन्ही शहरांत पुष्कळ राहतात. खाडीची दमट हवा आणि पावसाळ्यात घाम येणारा वरच्या मजल्याचा स्लॅब, यांत कॅसेटला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडला लागते, टेप फाटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. अशी कॅसेट वेगळी, बंद पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या, स्पीकरपासून लांब, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती फिल्म इतर फिल्मपासून ताबडतोब वेगळी करा, डबा घट्ट बंद ठेवू नका.

उतरवून घेताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, मूळ रेषा जशा आहेत तशा ठेवूनच फाइल करावी. वर सांगितलेलं डीइंटरलेस फक्त दाखवताना, मूळ फाइलवर नाही. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या घरात. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटोही फाइलसोबत ठेवा, तारीख बहुधा तिथेच असते. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो आणि सेलोटेप काही वर्षांत पिवळा डाग सोडते.

आमच्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक नाट्यगृहाच्या प्रोजेक्टरमध्ये वरच्या सेटिंग्जची 'जुना चित्रपट' म्हणून एक संच साठवून ठेवावा आणि तंत्रज्ञाच्या टेबलावर त्याचा कागद चिकटवावा. स्मृतिदिनाच्या कार्यक्रमांना चित्र आणि ध्वनीच्या चाचणीसाठी कार्यक्रमाआधी दोन तास भाडं न लावता द्यावेत, कारण आज मंडळांना पडदा हाती येतो तो प्रेक्षक आत शिरत असताना. आणि दोन्ही महापालिकांनी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरअखेरीस, कॅसेटी आणि फोटो उतरवून देण्याचं एकेक शिबिर भरवावं. आठ दिवस, एक चांगला व्हीएचएस डेक (कॅसेट चालवणारं यंत्र), एक स्कॅनर आणि रांगेला क्रमांक एवढ्यावर ते भागेल. एका डेकवर दिवसाला दोन-तीन कॅसेटींपेक्षा जास्त होत नाहीत, कारण तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. म्हणून नावनोंदणी आधी घ्यावी आणि सर्वांत जुन्या कॅसेटींना पहिला क्रमांक द्यावा.

सेटिंग्ज लावून द्यायला, तंत्रज्ञांना एकदा दाखवायला आणि शिबिरात बसायला आम्ही विनामोबदला येऊ.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले काही संकलक, ध्वनितंत्रज्ञ, प्रोजेक्शन सांभाळणारे आणि संग्राहक